पॉकेटवर शिकलेल्या मुलीला खरी पोकेमॉन कार्डं कशी शिकवायची? कुठला गेम बरोबर?

सांगलीकर_मामा

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण एका ठिकाणी खरंच अडलोय.

माझी भाची ११ वर्षांची आहे, सहावीत. मे महिन्यात सुट्टीला आली तेव्हा ताईच्या फोनवर मीच तिला पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा पोकेमॉन कार्डांचा मोबाइल गेम टाकून दिला. महिनाभरात तिला त्याचं इतकं वेड लागलं की सकाळी दात घासायच्या आधी पाकीट फोडायचं, ते बोटाने वरची कड फाडायची, मग एकेक कार्ड उलटं करून बघायचं, आणि चांगलं काही निघालं की मला फोन. मला फार बरं वाटायचं. म्हटलं पोरीला आवड आहे तर खरी कार्डं द्यावीत, म्हणून वाढदिवसाला पुण्याहून ६०-६० कार्डांचे दोन तयार डेक आणले, एक तिला एक मला.

तिने डेक उघडला, सगळी कार्डं फरशीवर मांडली आणि मला विचारते, "मामा, ही नुसती पाण्याचा थेंब असलेली एवढी कार्डं कशाला भरलीत? ह्यांच्यावर तर पोकेमॉनच नाही." एनर्जी कार्डं होती ती, पोकेमॉनला हल्ला करायला लागतात ती. पॉकेटमध्ये एनर्जी दर पाळीला आपोआप येते, ती डेकात भरावी लागते हेच तिला माहीत नव्हतं. तरी तेवढं समजावलं. मग नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपल्या डेकातली सहा कार्डं न बघता बाजूला ठेवायची, ती प्राइज कार्डं, तर म्हणाली, "आणि त्यात माझं सगळ्यात चांगलं कार्ड गेलं तर?" ह्यावर मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं गेलं तर गेलं, आणि ते तिला अजिबात पटलं नाही, डाव अर्धवट राहिला, कार्डं परत डब्यात गेली.

मी स्वतः २००५ च्या सुमारास मित्राने दिलेल्या सीडीवरून यु-गि-ओ ह्या दुसऱ्या कार्डांच्या खेळाचं पॉवर ऑफ केऑस कॉम्प्युटरवर खेळायचो. समोर कायम एकटा युगी, पण डाव जिंकला की नवीन कार्डं मिळायची, आणि सगळे नियम मी त्या गेमवरूनच शिकलो, खरं कार्ड तेव्हा हातात कधी आलंच नाही. म्हणून माझा समज होता की गेम खेळला की खेळ येतो. आता वाटतंय तसं नाहीये का? खऱ्या खेळाच्या सगळ्यात जवळचा गेम कुठला, आणि कार्डांचा खेळ कॉम्प्युटरवर नेला की तो तोच राहतो की दुसराच काहीतरी होतो? जाणकारांनी सांगावं, भाची दिवाळीत परत येणार आहे.

---

सहावं_प्राइज

मामा, धागा काढलात ते फार चांगलं केलंत, ह्या गोंधळात मी बरीच मुलं पाहिली आहेत. भाचीची काहीच चूक नाही. पॉकेट म्हणजे खऱ्या खेळाची छोटी आवृत्ती आहे असं सगळ्यांना वाटतं, पण तो वेगळा खेळ आहे, फक्त चित्रं तीच.

बघा कसं ते. खऱ्या खेळात डेक ६० चा, हातात ७ कार्डं, बेंचवर (म्हणजे मागे राखीव) ५ पोकेमॉन, ६ प्राइज. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपण आपलं एक प्राइज उचलायचं (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचा पोकेमॉन असला तर दोन), सहाही उचलली की जिंकलो. पॉकेटमध्ये डेक २० चा, हातात ५, बेंचवर ३ आणि प्राइज नाहीतच, ३ पॉइंट झाले की संपलं, त्यामुळे ईएक्स पडला की एका फटक्यात २ पॉइंट जातात. विकनेस असली तर मार खऱ्या खेळात दुप्पट लागतो, पॉकेटमध्ये नुसता २० जास्त. रेझिस्टन्स, म्हणजे मार कमी लागणं, तर काढूनच टाकलाय.

हे सगळं दिसतं तरी. पण एक फरक दिसत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. खऱ्या खेळात पहिल्या ७ कार्डांत एकही बेसिक पोकेमॉन (थेट मैदानात उतरवता येतो तो) आला नाही तर हात समोरच्याला दाखवून परत डेकात घालायचा, परत पिसायचं, आणि दर वेळी समोरच्याला एक जादा कार्ड घ्यायची मुभा. ६० मध्ये १० बेसिक ठेवले तर हे साधारण चारातून एकदा होतं, ८ च ठेवले तर तीनातून एकदा. म्हणून डेक बांधतानाच माणूस विचार करतो की बेसिक किती, शोधायची कार्डं किती. पॉकेटमध्ये पहिल्या हातात एक बेसिक येणारच अशी सोय करून ठेवलीय. त्यामुळे सुरुवातीच्या काळात लोक अख्ख्या डेकात फक्त २ आर्टिकुनो ईएक्स आणि बाकी १८ ट्रेनर (म्हणजे मदतीची) कार्डं घालून खेळत होते! सुरुवातीला आर्टिकुनो येणार हे नक्की, मग मिस्टीचं कार्ड टाकायचं, काटा पडेपर्यंत नाणं उडवत राहायचं आणि जितके छापे तितकी एनर्जी. टेबलावर दोन बेसिकचा डेक घेऊन बसलात तर पहिला हात लागेपर्यंतच समोरचा तीनचार कार्डं जादा घेऊन बसेल.

तर उत्तर, भाचीला पोकेमॉन टीसीजी लाइव्ह द्या. ते फोनवरही चालतं, कॉम्प्युटरवरही. त्यात ६० चा डेक, प्राइज, एनर्जी, सगळं खऱ्यासारखं, आणि सुरुवातीलाच खेळण्यासारखे तयार डेक मिळतात. खऱ्या पाकिटात जे कोडचं कार्ड निघतं ना, जे लोक फेकून देतात, ते ह्याच्यासाठीच असतं. ते टाकलं की गेममध्येही पाकीट मिळतं.

---

दोन_मुलांची_आई

सहावं_प्राइज ह्यांनी नियमांचं सगळं बरोबर सांगितलं, पण पॉकेटला एकदम बाद करू नका असं मला वाटतं. माझा धाकटा वाचायचा कंटाळा करायचा, तो ह्या कार्डांवरचं इंग्रजी वाचायला लागला, का तर वाचलं नाही तर हरतो. शाळेतून आल्यावर दहा मिनिटांत एक डाव होतो. ६० चा डेक घेऊन अर्धा-पाऊण तास एका जागी बसणं त्याला तेव्हा जमलंच नसतं.

माझी तक्रार नियमांबद्दल नाहीच, दुसरीच आहे. आमच्या लहानपणी चिप्सच्या पुड्यातून टाझो निघायचे. माझ्याकडे एकच तीन वेळा आला तर मी ते दोन जादाचे वाड्यातल्या मुलीला द्यायचे आणि तिच्याकडचा एक घ्यायचे, त्यावर भांडणं व्हायची, दुसऱ्या दिवशी परत मैत्री. जमवायची मजा ती होती. पॉकेटमध्ये अदलाबदल जानेवारी २०२५ मध्ये आली, माझी दोन्ही मुलं वाट बघत बसली होती, आणि आली ती अशी की अदलाबदल करायला टोकन लागणार आणि टोकन मिळवायला आपलीच चांगली कार्डं मोडायची! मोठ्याने धाकट्याला एक कार्ड द्यायचं तर आधी आपली बाकीची कार्डं नष्ट करायची. लहान मुलाला हे कसं समजवायचं सांगा. नंतर ती टोकनं काढली, पण तोपर्यंत मुलांनी तो नाद सोडला होता.

दुसरं, रोज दोन पाकिटं फुकट, बारा बारा तासांनी एक. ऐकायला चांगलं वाटतं. पण बारा तास म्हणजे सकाळी एक आणि झोपताना एक. आमच्याकडे नियम केला की रात्रीचं पाकीट सकाळच्याबरोबर फोडायचं, दोन साठतात तोपर्यंत काही बिघडत नाही. मामा, तुम्ही ताईशी हे बोलून घ्या, फोन तिचा आहे आणि त्याला तिचं बँकेचं कार्ड जोडलेलं असणार.

आणि खरी कार्डं घेताना सांभाळून. आमच्या इथे एका दुकानातून सोनेरी चकचकीत कार्डांचा गठ्ठा आणला होता, सगळी खोटी निघाली. मोठा रडला नाही पण गप्प झाला, ते जास्त लागलं मला. पाठीमागचा निळा रंग फिका असेल, अक्षरं जाड-पुसट असतील तर घेऊ नका.

---

निळं_बेट

मी पोकेमॉनवाला नाही, मॅजिक हा दुसरा कार्डांचा खेळ खेळतो, कॉलेजपासून. पण मामांनी जो शेवटचा प्रश्न विचारलाय, की खेळ तोच राहतो का, त्यावर मॅजिकवाले पंचवीस वर्षं भांडतायत म्हणून लिहितो. जरा लांबेल.

मॅजिक आलं १९९३ मध्ये, रिचर्ड गारफिल्डने केलेला खेळ. कॉम्प्युटरवर आणायचे प्रयत्न लगेच सुरू झाले, १९९७ मध्ये मायक्रोप्रोजचा गेम आला ज्यात तुम्ही एका जगात फिरता, वाटेत राक्षस भेटतात आणि प्रत्येकाशी कार्डांचा डाव. त्यात जिंकलात तर त्याचं कार्ड तुमचं, हरलात तर तुमचं त्याचं, कारण खऱ्या मॅजिकच्या पहिल्या नियमांतही असं एक कार्ड डावावर लावायची पद्धत होती. आणि त्या गेममध्ये त्यांनी १२ कार्डं अशी घातली होती जी कागदावर छापलीच नव्हती, कारण त्यांचा परिणाम मशीनने अंदाधुंद निवडायचा, माणसाला टेबलावर ते करणं शक्य नाही. म्हणजे बघा, पहिल्या काही वर्षांतच मशीनने आपलं वेगळं वळण घेतलं होतं.

मग २००२ मध्ये मॅजिक ऑनलाइन आलं, इंटरनेटवर माणसांशी खेळायचं. ते नियमांच्या बाबतीत इतकं काटेकोर की कधीकधी त्याचाच त्रास. एक जोडी होती, स्प्लिंटर ट्विन आणि डिसीव्हर एक्झार्क, ह्या दोघांनी एकाच प्राण्याच्या हव्या तितक्या प्रती काढता यायच्या. टेबलावर तुम्ही म्हणता, "हे मी दहा लाख वेळा करतो", समोरचा मान डोलावतो, डाव संपला. मॅजिक ऑनलाइनवर प्रत्येक प्रत एकेक करून क्लिकने काढायची! आणि बुद्धिबळासारखं घड्याळ असतं, सामन्याला प्रत्येकी २५ मिनिटं. जिंकलेला डाव लोक क्लिक करता करता वेळ संपून हरलेत. मी स्वतः एकदा असा हरता हरता वाचलोय, शेवटी हातात दीड मिनिट होतं आणि तर्जनी अक्षरशः दुखत होती.

पण त्या गेममध्ये कार्ड तुमचं होतं. विकता यायचं, बदलता यायचं, आणि अख्खा सेट जमवलात तर तो देऊन खरा कागदी सेट घरी मागवायची सोय होती. नंतर अरिना हा मॅजिकचाच नवा गेम आला, २०१८ ला सगळ्यांसाठी उघडं झालं, दिसायला देखणं, शिकायला सोपं, मी कित्येकांना त्यावरच शिकवलंय. पण तिथे अदलाबदल नाही, विक्री नाही. जे कार्ड हवं त्यासाठी वाइल्डकार्ड वापरायचं. माझ्याकडे तिथे हजारो कार्डं आहेत आणि त्यातलं एकही मी माझ्या पुतण्याला देऊ शकत नाही.

आता सहावं_प्राइज ह्यांनी पहिल्या हाताचं सांगितलं त्याला जोडून. मॅजिकमध्ये ६० चा डेक, त्यात २४ लँड (ज्यांच्या जोरावर बाकीची कार्डं टाकता येतात) घातल्या तर पहिल्या ७ कार्डांत शून्य किंवा एकच लँड यायची शक्यता साधारण १४ टक्के, म्हणजे सातातून एकदा हात फुकट. अरिनात एकाच डावाचा सामना असतो तेव्हा मशीन गुपचूप एकाहून जास्त हात काढतं आणि ज्यात लँडचं प्रमाण डेकाशी जास्त जुळतं तो तुम्हाला देण्याकडे त्याचा कल असतो. लपवलेलं नाही, त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण त्यामुळे अरिनावर कमी लँडचे डेक चालतात आणि तोच डेक घेऊन पोरं दुकानातल्या स्पर्धेत येतात आणि लँड न लागता बसून राहतात. मग म्हणतात नशीब वाईट. नशीब तेच आहे हो, फक्त आधी कुणीतरी सांभाळून घेत होतं.

आणि उलटं पण होतं. टेबलावर आपण पानं नीट पिसतच नाही. ५२ पत्ते नीट मिसळायला सात वेळा दोन ढीग करून एकमेकांत सोडावे लागतात हे गणितवाल्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलंय. आपण मेंढीकोट खेळताना किती वेळा पिसतो? दोनदा, तीनदा, काटलं, वाटलं. मशीन खरंखुरं पिसतं, म्हणून एकाच जातीची चार कार्डं ओळीने येतात आणि सगळे ओरडतात की गेम लबाडी करतोय.

---

साखळीतला_दुवा

निळं_बेट, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

मामांनी पॉवर ऑफ केऑसचं नाव काढलं आणि मला राहवलं नाही. मी पण त्यावरच शिकलो, आता यु-गि-ओचाच मास्टर ड्यूएल हा ऑनलाइन गेम खेळतो, जानेवारी २०२२ मध्ये आलं तेव्हापासून. तर माझा अनुभव सांगतो, मशीन नियम पाळायला लावतं पण नियम शिकवत नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यु-गि-ओमध्ये साखळी असते. मी कार्ड टाकलं, त्यावर तुम्ही टाकलं, त्यावर मी परत, आणि सोडवायचं उलटीकडून, शेवटचं आधी. मास्टर ड्यूएलमध्ये प्रत्येक वळणावर गेम विचारतो, उत्तर द्यायचंय का? दर वेळी विचारलं तर जीव जाईल म्हणून एक बटण असतं, ऑटो, ऑन किंवा ऑफ. आता गंमत बघा, ऑटोवर ठेवलं आणि तुमच्याकडे त्या क्षणी टाकण्यासारखं काहीच नसेल तर गेम थांबतच नाही, सरळ पुढे जातो. आणि असेल तर थांबतो. म्हणजे मी समोर बसलोय, मी एक कार्ड टाकलं आणि अर्धा सेकंद डाव थबकला, मला कळलं की ह्याच्या हातात काहीतरी आहे. तोंड दिसत नाही, हात दिसत नाही, पण ते थबकणं दिसतं. म्हणून चांगले खेळाडू ते बटण मुद्दाम बदलत राहतात, थबकण्यावरून समोरच्याला अंदाज लागू नये म्हणून. टेबलावर जे चेहऱ्याने करायचं ते इथे बटणाने. हे कौशल्यच आहे, मी त्याला कमी लेखत नाही, पण ते टेबलावर उपयोगाचं नाही.

आणि शिकवण्याचं म्हणाल तर, काही कार्डांवर लिहिलेलं असतं "असं झालं तेव्हा तुम्ही करू शकता" आणि काहींवर "असं झालं तर तुम्ही करू शकता". तेव्हा आणि तर. ह्या एका शब्दावरून कधीकधी कार्ड टाकायची संधीच हुकते, कारण मधे दुसरं काहीतरी घडलेलं असतं. गेममध्ये काय होतं? कार्ड उजळत नाही. बस. का उजळलं नाही ते गेम सांगत नाही. मी दीड वर्ष खेळत होतो आणि मला वाटायचं त्या कार्डात काहीतरी गडबड आहे. पहिल्यांदा समोरासमोर एका मुलाशी खेळलो, त्याने शांतपणे कार्ड माझ्याकडे वळवलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे वाच. दोन मिनिटांत कळलं.

मामा, त्यामुळे लाइव्ह द्या जरूर, पण भाची खेळताना पहिले काही डाव शेजारी बसा. एखादं कार्ड टाकता आलं नाही तर थांबवून कार्ड वाचायला लावा.

---

ओसाकाहून_परत

सगळ्यांचं वाचून मजा आली. मी चार वर्षं जपानात ओसाकाला होतो कामानिमित्त, तिथे निप्पोनबाशीत कार्डांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे, आणि दुकानात टेबलं मांडलेली असतात, ज्याला खेळायचं त्याने बसावं. शनिवारी तिथे शाळकरी पोरं आणि ऑफिसातले लोक एकाच टेबलावर. तेव्हा मला हा नाद लागला.

मामा, तुमच्या प्रश्नाला मी एक जुनं उत्तर सुचवतो. गेम बॉय कलरवर पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम नावाचाच गेम होता, जपानात डिसेंबर १९९८ मध्ये आला, अमेरिकेत २०००. हडसन सॉफ्ट आणि क्रिएचर्सने केलेला. ज्यांच्याकडे निन्टेंडोचं स्विच हे गेमचं यंत्र आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून जुन्या गेमांच्या सबस्क्रिप्शनमध्ये तो मिळतो. कार्डं अगदी सुरुवातीच्या सेटमधली, नियमही जुने, आताच्या खेळाशी पूर्ण जुळणार नाहीत हे आधीच सांगतो. पण शिकवण्याच्या बाबतीत त्याच्या तोडीचा गेम मी पाहिला नाही.

कारण काय, तर सुरुवातीला प्रयोगशाळेत एक सराव डाव असतो, आता हे कार्ड उचल, आता ही एनर्जी जोड, असा पायरीपायरीने. मग तुम्ही वेगवेगळ्या क्लबांत जाता, आठ क्लब आहेत, प्रत्येक क्लबाचा एक मास्टर, आणि त्यांच्यापुढे चार ग्रँड मास्टर. आणि महत्त्वाचं हे की सगळे डाव सहा प्राइजचे नसतात. नवख्यांशी दोन प्राइजचा डाव, मग तीन, चार, आणि मोठ्यांशी पूर्ण सहा. दोन प्राइजचा डाव पाच मिनिटांत संपतो. हरलं तरी काही जात नाही, परत खेळता येतं. जिंकलं की पाकिटं मिळतात, पैसे द्यायची जागाच नाही गेममध्ये. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला मुलं कशी शिकतात हे कळत होतं.

तेव्हा गेम मिळो न मिळो, ही युक्ती तुम्ही फरशीवर वापरा. दिवाळीत पहिला डाव दोन प्राइजचा खेळा.

एक वैयक्तिक, त्या गेममध्ये कार्ड पॉप म्हणून एक सोय होती, दोन गेम बॉय समोरासमोर धरायचे, वरच्या इन्फ्रारेडमधून दोघांनाही एकेक कार्ड मिळायचं. एकदा ज्याच्याबरोबर केलं त्याच्याबरोबर परत नाही, नवीन माणूस शोधायचा. मशीनवरचा खेळ असून माणसाकडे जायला लावणारा. माझ्याकडे जुन्या बाजारात घेतलेलं काडतूस आहे, पण इथे दुसरा गेम बॉयवाला अजून सापडलेला नाही. कुणी मुंबई-ठाण्यात असेल तर खरंच कळवा, मी कुठेही यायला तयार आहे.

---

सांगलीकर_मामा

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. दोन_मुलांची_आई, ताईशी आजच बोललो, फोनला जोडलेलं तिचं बँकेचं कार्ड काढलं. लाइव्ह पण टाकलं.

पण भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. चांगलं कार्ड प्राइजमध्ये गेलं तर काय? ती फोनवर परत विचारत होती.

---

सहावं_प्राइज

अरे हो, तेच तर राहिलं, आणि माझ्या दृष्टीने खेळातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

एखादं ठरावीक एकुलतं एक कार्ड सहांत जायची शक्यता ६० पैकी ६, म्हणजे दहातून एकदा. जातंच कधीतरी. पण ते कुठे गेलं हे शोधून काढता येतं. डावात पहिल्यांदा जेव्हा तुम्ही डेकमधून काही शोधायचं कार्ड टाकता, एखादा बॉल वगैरे, तेव्हा अख्खा डेक हातात येतो, तो बघायचा तुम्हाला हक्क आहे. तेव्हा हवं ते कार्ड घेऊन लगेच बंद करायचा नाही. बघायचं की माझ्या डेकात काय काय असायला हवं होतं, हातात काय आहे, टेबलावर काय आहे, आणि ह्या गठ्ठ्यात काय दिसत नाहीये. जे दिसत नाही ते प्राइजमध्ये. मग बेत बदलायचा. अमुक कार्ड मिळवायचं असेल तर आधी समोरचा एक छोटा पोकेमॉन पाडून एक प्राइज उचलू, असं. बदाम सातमध्ये कुणी पान दाबून ठेवलंय हे आपण ओळखतो ना, तसंच, फक्त इथे दाबून ठेवणारा आपणच असतो.

पॉकेटमध्ये हे मुळातच नाही. भाचीला त्याचा राग आला कारण तिला ते नुसतं नुकसान दिसलं, त्यातला शोध कुणी दाखवलाच नाही. आधी तिला आपला डेक पाठ करू द्या, तिला होईल, मुलांना होतो.

---

सांगलीकर_मामा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, दिवाळी झाली.

ओसाकाहून_परत ह्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिले तीन डाव दोन प्राइजचे खेळलो. डॅमेज मोजायला आमच्याकडे काही नव्हतं, आईने चिंचोक्यांचा डबा काढून दिला, एक चिंचोका म्हणजे १०. नाण्याला रुपया. माझी आई मांडी घालून शेजारी बसली होती, तिला नियम काही कळत नव्हते, पण छापा पडला की ती आधी टाळी वाजवायची.

मधल्या काळात भाचीने लाइव्हवर बरेच डाव खेळलेले दिसले, कारण एनर्जी जोडताना, बेंच भरताना तिचा हात अडखळत नव्हता. एक मात्र झालं, पहिल्याच डावात तिने डेकमधून कार्ड काढलं आणि डेक तसाच ठेवला, पिसायचा असतो हेच तिच्या डोक्यात नव्हतं, लाइव्हमध्ये ते आपलं आपण होतं ना. आणि हात छोटे, ६० कार्डं हातात मावेनात. शेवटी तिने तीन गठ्ठे केले, एकेक पिसला आणि एकावर एक ठेवले, मग परत.

भाऊबीजेच्या दुपारी पहिल्यांदा पूर्ण सहा प्राइजचा डाव. तिसऱ्या-चौथ्या पाळीला तिने बॉलचं कार्ड टाकलं आणि डेक उचलला. मला वाटलं पटकन काढेल. ती थांबली. डेक पूर्ण पाहिला, हातातली कार्डं जमिनीवर पालथी ठेवली, परत पहिल्यापासून पाहिला, ओठ हलत होते. मी काही बोललो नाही. मग तिने एक साधाच बेसिक काढून मला दाखवला, डेक तीन गठ्ठे करून पिसला, माझ्यापुढे काटायला ठेवला. आणि त्या सहा पालथ्या कार्डांकडे बघत म्हणाली, "माझं ईएक्स ह्यात आहे, मामा. आता आधी तुझा हा छोटा पाडते."

पाचव्या प्राइजला निघालं ते. डाव मी हरलो.

सहावं_प्राइज, आता तिला कार्डांवर घालायच्या प्लास्टिकच्या चांगल्या स्लीव्ज हव्यात, ६० नाही १२०, दोन्ही डेकांना. पिसून पिसून कडा पांढऱ्या पडायला लागल्यात. कुठल्या जाडीच्या घेऊ ते सांगा.